लंगरची दाल घरी का जमत नाही?

मागच्या अंकात दुसऱ्याच एका प्रश्नाच्या ओघात मी नांदेडच्या लंगरमधल्या काळ्या दालीबद्दल दोन ओळी लिहिल्या. (लंगर म्हणजे गुरुद्वाऱ्यातलं सगळ्यांसाठीचं मोफत जेवण.) त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर तिलाच द्यायचं ठरवलं. आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे कोण सांगतंय ते कळेल. मी मूळची परभणी जिल्ह्यातली. लग्न होऊन नांदेडला आले त्याला ४१ वर्षं झाली. गेली ११ वर्षं दर रविवारी पहाटे लंगरमध्ये सेवेला जाते. कांदे सोलणं, डाळ निवडणं, परशादे लाटणं, ताटं घासणं, त्या दिवशी जे समोर येईल ते. (पोळीला तिथे परशादा म्हणतात.) मी शीख नाही. त्यामुळे परंपरेबद्दल जे लिहीन ते शेजारणीने आदराने सांगितलेलं समजा. दालीबद्दल मात्र हाताने केलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलंच सांगते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलो होतो. लंगरमध्ये जेवलो. ती काळी दाल अजून आठवते. घरी येऊन चार वेळा केली. लोणी घातलं, साय घातली, कसुरी मेथी घातली, बाजारातली तयार मसाल्याची पुडीही घातली. हॉटेलसारखी होते, पण तिथल्यासारखी होत नाही. काय घालायचं राहतंय? (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : ताई, आधी लोणी, साय, कसुरी मेथी आणि ती पुडी ओट्यावरून उचलून ठेवा. तुम्ही करताय ती दाल मखनी. तिचं बस्तान फाळणीनंतर दिल्लीच्या हॉटेलांत बसलं आणि तिची चव लोणी-सायीवर उभी आहे. लंगरमधली दाल घरगुती आहे. पंजाबीत तिला ‘माह छोलेयाँ दी दाल’ म्हणतात. माह म्हणजे अख्खे काळे उडीद, आणि छोले म्हणजे इथे हरभऱ्याची डाळ. या दोघांशिवाय तिच्यात जे काही पडतं ते तुमच्या-माझ्या रोजच्या डब्यातलंच.

तिचा मऊपणा उडदातूनच येतो. भिजलेले उडीद धुताना बोटांना जो बुळबुळीतपणा लागतो ना, ज्यामुळे मेदूवड्याचं पीठ फेटल्यावर फुलतं, तोच चिकटपणा मंद आचेवर हळूहळू पाण्यात उतरतो आणि दाल सायीसारखी होते. हरभऱ्याची डाळ तिला गोडी देते आणि दाताखाली थोडं काहीतरी ठेवते. नुसत्या उडदाची दाल जड आणि चिकट लागते, म्हणून तीन वाटे उडीद आणि एक वाटा हरभरा डाळ.

चार माणसांसाठी १५० ग्रॅम उडीद आणि ५० ग्रॅम हरभरा डाळ घ्या. तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजवा. ते पाणी फेकून द्या. कुकरमध्ये सव्वा लिटर ताजं पाणी, अर्धा चमचा हळद, ठेचलेलं बोटभर आलं आणि चमचाभर तूप घालून मोठ्या आचेवर एक शिट्टी होऊ द्या. मग आच अगदी बारीक करून ३५ ते ४० मिनिटं ठेवा. वाफ आपली आपण जिरू द्या. कुकर उघडल्यावर एक उडीद अंगठा आणि बोट यांच्यात धरून दाबा. साल आणि गर एकत्र पसरले पाहिजेत. साल निराळी हाताला लागली तर अजून दहा मिनिटं. मीठ आता घाला, लहान चमच्याने सपाट दोन.

इथून पुढे तुमची दाल चुकते आहे, कारण इथेच आपण ती झाली असं समजतो. शिजलेली डाळ आणि झालेली दाल यांच्यात पाऊण तासाचं अंतर आहे. कुकरचं झाकण बाजूला ठेवा, जाड बुडाच्या भांड्यात दाल काढा आणि बारीक आचेवर उकळत ठेवा. दर चार-पाच मिनिटांनी पळीच्या पाठीने थोडी दाल भांड्याच्या कडेला दाबून घोटा. रवी फार जोरात फिरवू नका, मिक्सर तर नकोच. निम्मे दाणे मोडावेत, निम्मे राहावेत.

माझ्या सेवेच्या पहिल्या वर्षी एका वयस्कर लांगरींनी मला देगेपाशी उभं करून हे दाखवलं होतं. (लांगरी म्हणजे लंगरचा स्वयंपाकी. देग म्हणजे आपली डेग, फक्त एवढी मोठी की तिच्यात माणूस बसेल.) त्यांनी लांब दांड्याचा कडछा भरून वर उचलला आणि दाल परत देगेत सोडली. पाणी आधी पडलं, दाणे मागून टपटप पडले. ‘अभी दो घर हैं,’ एवढंच म्हणाले आणि लाकडं थोडी बाहेर ओढली. तासाभराने पुन्हा तसाच कडछा उचलला. आता दाण्यांसकट एकच धार पडली, सावकाश, आणि पडलेल्या जागी क्षणभर वळी राहिली. आवाजही बदलला होता. आधी दाल रटरटत होती, आता फद्… फद्… असा जड बुडबुडा लांब लांब येत होता. ‘अब एक घर हो गया.’ तेव्हापासून मी घड्याळ बघत नाही, धार बघते.

फोडणी वेगळ्या कढल्यात करा. दोन मोठे चमचे तूप, चमचाभर जिरं, एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून. कांदा बदामी होईपर्यंत थांबा, गुलाबीवर समाधान मानू नका. मग आलं, चार पाकळ्या लसूण, दोन हिरव्या मिरच्या, दोन टोमॅटो. टोमॅटो विरघळून तूप कडेला दिसू लागलं की लाल तिखट, धनेपूड आणि पाव चमचा गरम मसाला. ही फोडणी दालीत घालून पुन्हा १५-२० मिनिटं उकळवा. वाढताना वरून चरचर ओतायची ही फोडणी नाही, ती दालीत मुरावी लागते.

आणखी दोन गोष्टी. टोमॅटो डाळ शिजायच्या आधी घालू नका, आंबटाने दाणा आखडतो. आणि तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर दाल पिण्याच्या गाळलेल्या पाण्यात शिजवून बघा. जड पाण्यात जुने उडीद तासन् तास दगडासारखे राहतात, मग आपण धान्याला नावं ठेवतो. लोखंडी कढई असेल तर शेवटचा अर्धा तास दाल तिच्यात उकळा. निहंग सिंगांत, म्हणजे शिखांमधल्या लढवय्या पंथात, लोखंडाच्याच भांड्यांत रांधायची रीत आहे, त्याला सर्बलोह म्हणतात. रंग छान गडद येतो. फक्त दाल त्याच कढईत रात्रभर ठेवू नका, टोमॅटोमुळे लोखंडाची चव उतरते.

प्रश्न : लंगरमध्ये स्वयंपाक करताना कुणी चव बघत नाही असं ऐकलं. मग एवढ्या मोठ्या देगेत मीठ बरोबर कसं पडतं? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : खरं आहे. अरदास, म्हणजे प्रार्थना, होऊन वाढप सुरू होईपर्यंत कुणी बोट लावत नाही. पण यात नवल वाटण्यासारखं आपल्याला काही नाही. आपण नैवेद्याचा स्वयंपाक चाखतो का? माझ्या सासूबाई महालक्ष्म्यांना सोळा भाज्या आणि पुरणावरणाचा स्वयंपाक करायच्या, जिभेला काहीही न लावता, आणि मीठ कधी चुकलं नाही.

माप ठरलेलं असतं. अमुक देग, अमुक किलो डाळ, पाणी कडेखाली अमुक वीत, मिठाचं अमुक भांडं. त्यावर अनुभवी लांगरी वास घेतात, तवंग बघतात. तुम्ही घरी करून बघणार असाल तर २०० ग्रॅम कोरड्या डाळीला १० ग्रॅम मीठ हा हिशोब धरा. दहा वेळा मोजून घातलंत की अकराव्यांदा हात स्वतः थांबेल. माझा थांबायला दोन वर्षं लागली.

प्रश्न : मी नीटच्या क्लाससाठी नांदेडला राहतो. महिन्याच्या शेवटी मेसचे पैसे संपले की लंगरला जेवायला जातो. आईला कळलं तेव्हा ती रागावली, फुकटचं खाऊ नये म्हणाली. मलाही आता आत जाताना लाज वाटते. जावं की न जावं? (एक विद्यार्थी)

उत्तर : बाळा, तू जा. पैसे संपल्यावर जा आणि खिशात असतील तेव्हाही जा.

११ वर्षांपूर्वी आमच्या यजमानांना इथल्या एका दवाखान्यात १७ दिवस ठेवलं होतं. पहिले काही दिवस मी घरी जाऊन डबा करून आणायचे. मग ते जमेना. मुलगा परगावी, त्याची परीक्षा चालू. एका दुपारी औषधं घेऊन दुकानाबाहेर आले तेव्हा पर्समध्ये रिक्षापुरते पैसे होते आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पाय लंगरकडे वळले. तीस वर्षं या गावात राहून तोवर मी तिथे जेवले होते ते फक्त पाहुण्यांना घेऊन, त्यांना दाखवायला म्हणून. त्या दिवशी एकटी गेले, पदर डोक्यावर ओढला आणि ओळीच्या अगदी टोकाला बसले. कुणी ओळखीचं बघू नये म्हणून मान खाली.

ताट समोर आलं. परशादे वाढणारा तरुण माझ्यासमोर थांबून राहिला. मला कळेना. शेजारच्या बाईंनी सांगितलं, दोन्ही हात पुढे करा. मी हात पुढे केले, त्याने त्यांच्यावर दोन परशादे ठेवले. मग दाल आली. बादलीतून कडछ्याने वाढलेली, काळसर, कडेला तुपाचा बारीकसा तवंग. पहिला घास घेतला आणि वाफेने चष्मा धुरकटला, म्हणून बरं झालं. दालवाले बाबा परत फिरून आले तेव्हा माझी वाटी रिकामी होती. ‘और लो, बेटाजी.’ मी ५२ वर्षांची होते. मला बेटा म्हणणारं कुणी तेव्हा उरलं नव्हतं. मी तीनदा दाल घेतली. कुणी विचारलं नाही की कुठून आलात, कोण आजारी आहे, शीख आहात का.

यजमान राहिले नाहीत. तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी पहाटे सेवेला गेले आणि मला कांद्याच्या ढिगापाशी बसवलं.

तुझ्या आईंचं शिकवणं चुकीचं नाही, पण ते दुकानाला आणि पंगतीला एकच माप लावतं. त्यांना सांग, शिखांमध्ये कमाईचा दहावा हिस्सा द्यायची शिकवण आहे, दसवंध म्हणतात त्याला. त्यातून, संगतीच्या, म्हणजे जमलेल्या भाविकांच्या, देणग्यांतून आणि हजारो हातांच्या सेवेतून ही दाल शिजते. ती भुकेलेल्यासाठी असते तशी भरल्या घरच्या माणसासाठीही असते. तिसरे गुरू, गुरू अमरदास, यांनी गोइंदवालला नियमच केला होता : पहिले पंगत, फिर संगत. आधी सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून जेवायचं, मग भेट. परंपरा सांगते की अकबर बादशहा भेटीला आला तेव्हा तोही आधी पंगतीत बसला. त्याच्या खजिन्यात काय कमी होतं?

तुला बरं वाटावं म्हणून सांगते, जेवण झाल्यावर अर्धा तास ताटं घासायला थांबता येतं, कुणी नाही म्हणत नाही. पण ते जेवणाचे पैसे फेडायला म्हणून करू नकोस. परीक्षा जवळ असेल तेव्हा सरळ उठून अभ्यासाला जा. एकच पाळ, हवं तेवढंच घे, ताटात टाकू नकोस.

प्रश्न : गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाही. लंगरमध्ये टेबल-खुर्च्या का ठेवत नाहीत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : काका, सेवादारांना गुडघ्याचं सांगा. वयस्कर माणसांची बसायची सोय करून देतात, संकोच करू नका.

पण खाली बसण्यामागचं कारण तुम्ही विचारलंत म्हणून एक आठवण सांगते. पंगत हा शब्द आपलाही आहे. आमच्या गावाकडच्या लग्नांत पंगती बसायच्या तेव्हा मी आजीचं बोट धरून असायची. पहिली पंगत कुणाची, दुसरी कुणाची, वाड्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे सगळं कुणी न सांगता ठरलेलं असायचं. आमच्या शेतावर राबणारी एक बाई, जिने मला कडेवर खेळवलं होतं, ती सगळं आटोपल्यावर मागल्या दारी घमेलं घेऊन उभी राहायची. मी आजीला विचारलं होतं, ती आपल्यात का बसत नाही. आजीने मला गप्प केलं. आजी वाईट नव्हती, तिला दुसरी पंगत माहीतच नव्हती.

म्हणून ज्या पंगतीत सतरंजीच्या एकाच पट्टीवर कलेक्टर आणि रिक्षावाला शेजारी बसतात आणि एकाच बादलीतली दाल दोघांच्या वाट्यांत पडते, तिचं मला अजूनही दर रविवारी अप्रूप वाटतं. गुरू नानकांनी (१४६९–१५३९) ही रीत घातली त्याला पाचशे वर्षं झाली. जमिनीवर उंच-खाल जागा नसते. खुर्ची ही वयाची आणि आजाराची सोय म्हणून असावी, मान म्हणून नको.

प्रश्न : आमच्या वस्तीत हरिनाम सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी शंभर माणसांना ही दाल करावी असं मनात आहे. कांदा-लसूण चालणार नाही. प्रमाण द्याल का? (महिला मंडळाच्या एक सदस्य, हिंगोली)

उत्तर : जरूर करा. कांदा-लसणावाचून ही दाल अडत नाही, आलं आणि हिंग वाढवायचं.

साडेचार किलो उडीद, दीड किलो हरभरा डाळ. भिजून दुप्पट-अडीचपट होते, भांडी तशी मोठी घ्या. शिजवायला ६० लिटरचं पातेलं हवं, कारण पहिल्या उकळीला फेस चढतो. तो झाऱ्याने काढून टाका. पाणी ३५ लिटर, शिवाय पाच-सहा लिटर उकळतं पाणी बाजूला तयार ठेवा. मध्येच गार पाणी ओतलं की दाल फाटल्यासारखी दिसते. हळद ५० ग्रॅम सुरुवातीलाच. झाकण अर्धवट ठेवून चुलीवर साधारण तीन तास धरा, गॅसच्या मोठ्या शेगडीवरही तेवढेच. मीठ ३०० ग्रॅम, पण आधी २५० घाला. फोडणीला एक किलो तूप, ७५ ग्रॅम जिरं, १० ग्रॅम हिंग, ४०० ग्रॅम आलं, १५० ग्रॅम हिरव्या मिरच्या, तीन किलो टोमॅटो, तिखट आणि धनेपूड प्रत्येकी १०० ग्रॅम, गरम मसाला ५० ग्रॅम. कोथिंबीर हवी तेवढी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बूड. शेवटच्या तासात एका बाईने दुसरं कुठलंही काम न करता पातेल्यापाशी उभं राहायचं आणि उलथनं तळाला टेकवून फिरवत राहायचं. तरीही करपल्याचा वास आला तर खरवडू नका. वरची दाल अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा आणि तळ सोडून द्या.

उरली तर पातेल्यात झाकून रात्रभर ठेवू नका. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उडीद लवकर आंबतो. पसरट भांड्यांत काढून निववा, फ्रिजमध्ये ठेवा किंवा त्याच संध्याकाळी वाटून टाका. काही जणी यात राजमाही घालतात. घालणार असाल तर तो वेगळा रात्रभर भिजवून, आधी दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळून, पूर्ण मऊ शिजवूनच मिसळा. कच्चट राजम्याने पोट बिघडतं, आणि शंभर माणसांच्या जेवणात ती जोखीम नको.

प्रश्न : आमचं साताऱ्याचं उडदाचं घुटं आणि ही दाल एकच ना? (एक वाचक, कराड)

उत्तर : जवळची आहेत. घोटण्याचं महत्त्व दोन्हीकडे सारखंच. पण घुटं मिरची-लसणाच्या ठेच्यावर आणि खोबऱ्यावर जातं, पटकन होतं आणि भाकरी मागतं. ही दाल कांदा-टोमॅटोवर जाते आणि वेळ मागते. ज्वारीच्या भाकरीबरोबर मात्र दोन्ही सुंदर लागतात, मी घरी भाकरीच करते.

प्रश्न : वडील ८० वर्षांचे आहेत, दात नाहीत. ही दाल त्यांना आवडते, पण गॅस होतात. (एक वाचक, लातूर)

उत्तर : भिजवलेलं पाणी टाकून द्या, हरभरा डाळ निम्मी करा, फोडणीत हिंग घाला, गरम मसाला वगळा आणि पूर्ण घोटून पातळ करा. रात्री देऊ नका, दुपारी द्या. त्यांना मूत्रपिंडाचा किंवा युरिक अॅसिडचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : लंगरमध्ये रांधताना मला पुरुषच जास्त दिसले. या परंपरेत बायका कुठे आहेत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अगदी पायाशी आहेत. दुसरे गुरू, गुरू अंगद, यांच्या पत्नी माता खीवी यांनी खडूर साहिबचा लंगर सांभाळला, वाढवला. गुरू ग्रंथसाहिबात त्यांचं नाव घेऊन त्यांच्या लंगरची स्तुती केलेली आहे. त्यांची छाया दाट पानांच्या झाडासारखी, त्यांच्या लंगरात तुपाची खीर, अशा अर्थाच्या त्या ओळी आहेत. स्वयंपाकघरात उभं राहून जगलेल्या बाईचं नाव १४३० पानांच्या त्या ग्रंथात आहे, हे मला ज्या दिवशी एका शेजारणीने सांगितलं त्या दिवशी मी घरी येऊन बराच वेळ नुसती बसून होते. आमच्या घरात चार पिढ्यांच्या बायकांनी रांधलं, त्यांतल्या दोघींची नावंसुद्धा मला माहीत नाहीत.

देग उचलणं, ढवळणं हे ताकदीचं काम असल्याने तुम्हाला तिथे पुरुष दिसले असतील. परशाद्यांच्या जागी जाऊन बघा, लाटणाऱ्यांत बायकाच बायका आहेत. आणि पुरुष मांडी घालून कांदे चिरताना, खरकटी ताटं घासताना दिसतात, हे मला तरी फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : नांदेडला एका निळ्या पोशाखातल्या बाबांकडून ‘लडाकी’ आणि ‘मस्ताना’ असे शब्द ऐकले, तेही जेवणाबद्दल! म्हणजे काय? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ते निहंग सिंग असणार. त्यांची स्वतःची बोली आहे. लडाकी म्हणजे भांडखोर, अर्थात मिरची. कांद्याला ते रुप्पा म्हणतात, म्हणजे चांदी. हरभऱ्यांना बदाम. मिठाला सर्बरस, सगळ्या रसांचा रस. आणि लंगर ‘मस्ताना’ झाला म्हणजे अन्न संपलं, शिधा उरला नाही.

ही बोली लढायांच्या आणि उपासमारीच्या दिवसांत घडली. रानावनांत मूठभर हरभऱ्यांवर दिवस काढणारी माणसं म्हणायची, आज बदाम खाल्ले. आमच्या दालीतल्या हरभऱ्याच्या डाळीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते. गुरू गोबिंदसिंग १७०८ मध्ये इथे नांदेडला गोदावरीकाठी होते आणि इथेच त्यांनी देह ठेवला. जाण्याआधी त्यांनी भाई संतोखसिंगांना इथे राहून लंगर चालू ठेवायला सांगितलं, असं परंपरा मानते. आजचं मुख्य गुरुद्वाऱ्याचं बांधकाम महाराजा रणजितसिंगांच्या काळातलं, १८३२ ते १८३७ मधलं. देग त्याच्या आधीपासून चुलीवर आहे.

प्रश्न : आई-बाबा पुढच्या महिन्यात सचखंड एक्सप्रेसने अमृतसरला निघालेत. गाडीतही लंगर मिळतो म्हणे. मग डबा द्यायचा की नाही? (एक वाचक, जालना)

उत्तर : मिळतो. नांदेड ते अमृतसर हा दोन हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास आहे, आणि वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवादार बादल्या घेऊन उभे असतात. जनरल डब्यापासून एसीपर्यंत सगळ्यांना वाढतात. पण गाडी उशिरा धावली तर वेळा मागेपुढे होतात, म्हणून दशम्या आणि चटणी बरोबर द्याच.

रिकामी भांडी मात्र आठवणीने द्या. ती प्रवाशांनी आपली आणायची असतात. झाकणाचे दोन स्टीलचे डबे, थोडे खोलगट, कारण दाल पातळ आणि कढत असते आणि गाडी थोडाच वेळ थांबते. प्लास्टिकचे नकोत. एक जाड नॅपकिन डब्याला गुंडाळून ठेवायला सांगा, नाहीतर हात पोळतो. बाबांना म्हणावं, खिडकीपाशी आधीच तयार राहा. परशादा घ्यायला आईंनी दोन्ही हात पुढे करावेत.

अमृतसरला दरबार साहिबच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, लंगरमध्ये रोज पन्नास हजार ते लाखभर माणसं जेवतात असं सांगतात. तिथे दोघांनीही निवांत बसून जेवावं. आणि तिथली दाल आमच्या नांदेडच्या दालीपेक्षा पातळ लागते की दाट, ते परत आल्यावर मला नक्की कळवा. मी अजून तिथे गेलेले नाही.